ओळखीचा तांबट

सह्याद्रीच्या उतारावरील एका जंगलात, एका उंच बेहड्याच्या ढोलीत, एक धनेश आपल्या धनेशिणीसह राहत असे. मुलांनो, धनेशाच्या घराची रीत इतर पाखरांहून निराळी आहे. अंडी घालायची वेळ आली की धनेशीण ढोलीत शिरते आणि दोघे मिळून ढोलीचे दार चिखलाने लिंपून बंद करतात. चोच बाहेर निघेल एवढी एक फट तेवढी ठेवतात. आत गेल्यावर धनेशिणीच्या पंखांची पिसे झडतात. पिल्ले मोठी होईपर्यंत ती बाहेर येऊ शकत नाही, उडू शकत नाही. नवरा फटीतून फळे भरवतो आणि त्यावर ती दिवस काढते. तेव्हा ज्या ढोलीत ती कोंडून घेते, त्या ढोलीची भिंत धड असली तर ती जगते, नसली तर मरते. इतके ते सरळ आहे.

त्या वर्षी हिवाळ्यात बेहड्याची एक जाड फांदी मोडली आणि पडता पडता ढोलीची मागची बाजू उकलून गेली. भली लांब भेग पडली. सकाळचे ऊन त्यातून आत येऊ लागले. नुसते ऊनच आले असते तर चालले असते. पण बेहड्याच्या बुंध्याशी एक घोरपड राहत असे आणि अंड्यांचे दिवस जवळ आले की ती रोज एकदा मान वर करून झाड पाहून घेत असे.

"ही भेग बुजल्याशिवाय मी आत जायची नाही," धनेशीण म्हणाली. "चांगला कारागीर बघा. आणि लवकर बघा. अंडी काही तुमच्या सवडीने थांबायची नाहीत."

धनेश स्वभावाने भला होता, म्हणजे भिडस्त होता. जंगलात त्याच्याविषयी कोणी वाईट बोलत नसे, कारण तोही कोणाविषयी खरे बोलत नसे. तो साळुंकीकडे गेला.

"अहो, त्यात शोधायचं काय?" साळुंकी म्हणाली. "तांबट आहे ना. अगदी आपल्या ओळखीचा. माझं नाव सांगा नुसतं."

मग तो पोपटाकडे गेला. "तांबट? तो तर घरचाच म्हणा ना," पोपट म्हणाला. "रोज भेटतो. बोलायला काय गोड. 'नाही' हा शब्द त्याच्या तोंडून कधी ऐकला नाही मी."

दोघांनी एकच नाव घेतले, तेव्हा धनेशाची खात्री पटली. साळुंकीची ढोली तांबटाने केली होती का, पोपटाची केली होती का, हे विचारायचे त्याला सुचले नाही. सुचले असते तरी त्याने विचारले नसते. चांगल्या शेजाऱ्यांना असे विचारणे बरे दिसत नाही, असे त्याला वाटले असते.

तांबट हे पाखरू तुम्ही पाहिले नसेल, पण ऐकले असेल. तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी तसा त्याचा आवाज सारखा चाललेला असतो. टुक्, टुक्, टुक्, टुक्. भांडी घडवणारा खरा तांबट दिवसभर ठोकतो, तेव्हा संध्याकाळी हंडा तयार होतो. या पाखराने दिवसभर ठोकल्यावर संध्याकाळी काय तयार होते, ते मात्र कोणी कधी पाहिले नव्हते.

तांबट आला. हिरवागार, टापटीप, छातीवर तांबडा ठिपका. त्याने दुरूनच भेग पाहिली आणि मान हलवली.

"हे आधीचं काम कोणी केलं होतं?"

"कोणीच नाही," धनेश म्हणाला. "ढोली झाडात आपोआप तयार झालेली आहे."

"तरीच. पार वाट लावून ठेवली आहे."

"किती दिवस लागतील?" धनेशिणीने विचारले.

"वहिनी, दिवस कसले घेऊन बसलात? हे आपल्या डाव्या पंजाचं काम. एवढंच आहे की, ठोकून ठोकून घसा सुकतो. काम चालू आहे तोवर तुमच्या उंबरावर बसलो तर चालेल ना?"

बेहड्याशेजारचा उंबर या जोडप्याचा होता. ढोलीत बसलेल्या धनेशिणीचा सगळा आहार त्या उंबरावरच चालायचा. "घरचंच समजा," धनेश म्हणाला. तांबटाने समजले.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यापासून टुक् टुक् सुरू झाले. धनेश खुशीत होता. "ऐकतेस ना? लागला बघ कामाला."

धनेशीण ढोलीत जाऊन पाहून आली. "आवाज येतोय खरा. पण तो उंबरावरून येतोय. भेग आहे तिथे आहे."

"तिकडे तयारी चालली असेल."

"कसली तयारी?"

"असते काहीतरी. आपल्याला त्यातलं काय कळतं?"

मुलांनो, या एका वाक्यावर जगातले सगळे लबाड कारागीर पोसले जातात. आपल्याला गवंडीकाम येत नसेल, सुतारकाम येत नसेल. पण भिंतीतून वारा येतो की नाही हे कळायला गवंडी व्हावे लागत नाही.

पुढचे दिवस तसेच गेले. धनेश रोज उंबरापाशी जाऊन मवाळपणे विचारी आणि तांबट रोज तितक्याच गोडीने सांगे, "उद्या सकाळी पहिलं काम तुमचंच." एकदा वडाचा चीक ओला होता. एकदा चुलतभावाच्या पिल्लांचे बारसे होते. एकदा तर वारा उलटा होता, आणि उलट्या वाऱ्यात भेग बुजवली तर ती पुन्हा उकलते, असे तांबट इतक्या गंभीरपणे म्हणाला की धनेशाने घरी येऊन बायकोलाही ते समजावून सांगितले. उंबराच्या खालच्या फांद्या मात्र भराभर मोकळ्या होत होत्या.

शेवटी धनेशीण स्वतः उंबरावर जाऊन बसली. "आज काम होईल," ती तांबटाला म्हणाली, "नाहीतर आज तुम्ही या झाडावरून उठाल. दोन्हीतलं काय ते सांगा."

त्या दुपारी काम झाले. तांबटाने वाळका पाला कोंबला, वर चिकात कालवलेली माती थापली आणि शेपटी फिरवून तिला गुळगुळीत केले. जेमतेम एका बैठकीचे काम. "या वहिनी. आता भेग कुठे होती ते तुम्हीच दाखवा."

भेग खरोखर दिसत नव्हती. धनेशीण पुढे झाली आणि तिने आपली जड चोच ठोकून पाहण्यासाठी उचलली. तोच धनेश मध्ये आला.

"अगं, काय करतेस?" तो हळूच म्हणाला. "त्याच्यादेखत ठोकून बघणार? ओळखीतला आहे. वाईट दिसेल."

तांबटाने ते ऐकले आणि मान खाली घातली. "ठोकू द्या की वहिनींना. ज्याचा त्याचा विश्वास. माझी काही हरकत नाही." आणि त्याने असा सुस्कारा सोडला की धनेशिणीची उचललेली चोच खाली आली.

भीड भिकेची बहीण, असे आपल्याकडे जुनी माणसे सांगून गेली आहेत. त्यांनी भीक म्हटले, कारण त्यांना मुलांदेखत यापेक्षा वाईट शब्द वापरायचा नसावा. त्याच दिवशी सूर्य मावळायच्या आत दोघांनी ढोलीचे दार लिंपून घेतले. धनेशिणीची पिसे झडली. तिने दोन अंडी घातली.

उन्हे तापू लागली. माती वाळली, पाला आक्रसला. एका दुपारी धनेश चोचीत उंबराचे फळ घेऊन फटीपाशी आला, तर घ्यायला आतून चोच आली नाही.

"फळ राहू द्या," आतून दबलेला आवाज आला. "तुमच्या ओळखीच्याचा अख्खा गिलावा आत कोसळला. एक अंडं त्याखाली गेलं."

धनेश झाडाच्या मागे गेला. भेग उघडी पडली होती आणि त्या भेगेत धनेशिणीची चोच होती. तिने ती आतून भेगेत रोवली होती, कारण रोवायला तिच्याकडे दुसरे काहीच नव्हते. पाठीमागे उरलेले अंडे होते, आणि त्याच्यावर बसायला कोणी नव्हते. घोरपड बुंध्यावर निम्मी चढून आली होती.

धनेश तिच्यावर तुटून पडला. घोरपड चार पावले खाली सरकली आणि मुळाशी सावलीत जाऊन बसली. "मला घाई नाही," ती म्हणाली. "चोच किती वेळ धरवेल तिला?"

धनेश उंबरावर गेला. तांबट तिथेच होता.

"पडलं?" तांबट म्हणाला. "असं होत नाही कधी. आत ऊब लागली असणार. आपल्या कामाला ऊब चालत नाही."

"अंडी उबवायला बसली आहे ती. ऊब लागणार नाही तर काय लागणार?"

"तेच तर म्हणतोय मी. बरं, काळजी करू नका. उद्या सकाळी पहिलं काम तुमचंच."

धनेश तिथून उडाला. तो साळुंकीकडे गेला. शेजारच्या फांदीवर पोपटही होता.

"तुम्ही सांगितलात तो तांबट," धनेश म्हणाला, "त्याने केलेली भिंत पडली. तुमच्याकडे त्याने काम कसं केलं होतं?"

"आमच्याकडे?" साळुंकी म्हणाली. "छे हो. आमची ढोली सुतारपक्ष्याने केली."

"आमचीही त्यानेच," पोपट म्हणाला. "चार वर्षं झाली, अजून भुगा गळत नाही."

"मग तांबट काम चांगलं करतो, असं मला कशाच्या जोरावर सांगितलंत?"

"काम चांगलं करतो असं मी कुठे म्हटलं?" साळुंकी म्हणाली. "मी म्हटलं, ओळखीचा आहे."

धनेश आणखी जवळ सरकला. "आणि सुतारपक्ष्याचं नाव का नाही सांगितलं?"

साळुंकीने पोपटाकडे पाहिले, पोपटाने साळुंकीकडे. "तो फार तोडून बोलतो हो," साळुंकी म्हणाली. "आल्या आल्या दोष काढतो. आमच्या तोंडावर म्हणाला, फांदी निवडायची अक्कल नाही तुम्हाला. असल्याला कोणाकडे पाठवायचं म्हणजे आपल्यालाच खाली बघायची वेळ. तांबट बिचारा रोज भेटतो, चार शब्द बोलतो. म्हणाला, कोणाला काम असलं तर माझं नाव सांगा. तेवढं सांगितलं. त्यात आमचं काय चुकलं?"

धनेशाला आयुष्यात पहिल्यांदा असा राग आला की त्याला काय दिसेल नि काय नाही याची शुद्धच राहिली नाही.

"चुकलं ते सांगतो," तो म्हणाला. "स्वतःच्या घरी तुम्ही काम जाणणारा बोलावलात. माझ्या घरी गोड बोलणारा पाठवलात. तुमची पिल्लं सुतारपक्ष्याच्या भिंतीआड झोपतात, आणि माझी बायको आता या क्षणी चोचीने भिंत धरून उभी आहे. यातलं तुम्हाला काहीच ठाऊक नव्हतं असं म्हणू नका. तुम्हाला सगळं ठाऊक होतं. तुम्ही फक्त तांबटाशी वाईटपणा घेतला नाहीत."

साळुंकी आपली पिसे साफ करू लागली. पोपटाला एक पेरू आठवला.

मुलांनो, लबाडाचा राग सगळ्यांनाच येतो. तो यायला काही विशेष लागत नाही. ठाऊक असूनही त्या लबाडाला सांभाळून घेणाऱ्या सज्जनांचा राग करायला शिका. त्यांच्या जिवावरच त्याचे दुकान चालते.

सुतारपक्षी एका सुकलेल्या ऐनाच्या झाडावर काम करत होता. ढोलीची भिंत पडली म्हणून धनेशाने सांगितले, तरी त्याने वळूनही पाहिले नाही. "झाड कुठलं?"

"बेहडा."

"बेहड्याचं लाकूड लवकर कुजतं. तिथे घर करायला कोणी सांगितलं?"

एरवी असे बोलणे धनेशाच्या मनाला लागले असते. आज त्याला ते गार पाण्यासारखे वाटले. "चूक झाली," तो म्हणाला. "पण ती आत कोंडलेली आहे. भेग उघडी आहे आणि खाली घोरपड बसली आहे."

तेव्हा सुतारपक्ष्याने चोच थांबवली. पुढे काही न विचारता तो निघाला.

बेहड्यापाशी आल्यावर आतून धनेशिणीने विचारले, "कोणाला आणलंय? हाही ओळखीचा का?"

"नाही," धनेश म्हणाला. "याला कोणी चांगलं म्हणत नाही."

"मग बरा असेल."

सुतारपक्षी बुंध्यावर वर चढला, खाली उतरला, जागोजागी ठोकून कान लावून ऐकत राहिला. मग त्याने भेगेशी तोंड नेले. "वहिनी, चोच हलवू नका, नुसतं सांगा. वारा वरून लागतो की खालून?"

इतक्या दिवसांत हे तिला कोणी विचारले नव्हते. तांबटाने नाही, नवऱ्यानेही नाही. जी त्या घरात राहणार होती तिला घराविषयी विचारण्याची गरज कोणालाच वाटली नव्हती.

"खालून," ती म्हणाली. "वरची भेग दिसते मोठी, पण खरं भोक माझ्या पायाशी आहे. पाल्याखाली."

"तेच वाटलं. आतलं सगळं भुसभुशीत झालंय. माती थापून काय होणार होतं? दोन पाचरी लागतील." त्याने वाळलेल्या खैराच्या दोन ढलप्या आणल्या आणि चोचीने तासून त्यांना एकीकडून निमुळते केले. खैराचे लाकूड लोखंडासारखे असते. ते वेळ घेते. उन्हे कलली. आत धनेशिणीची मान थरथरू लागली होती आणि घोरपड पुन्हा वर निघाली होती.

धनेशाने तिला अडवले. तिने त्याच्या शेपटीची तीन पिसे उपटली, त्याने तिच्या डोळ्याशेजारी चोच मारली, आणि दोघांपैकी कोणीच मागे हटेना. तेवढ्यात खालची पाचर भोकात घट्ट बसली. वरची सुतारपक्ष्याने भेगेच्या तोंडाशी धरली.

"वहिनी, मी सांगेन तेव्हा चोच काढा. आधी काढू नका." धनेशाला रेटत आलेल्या घोरपडीचा पंजा सुतारपक्ष्याच्या शेपटीपासून वीतभर उरला होता. "काढा."

चोच आत गेली आणि पाचर आत गेली, दोन्ही एकदमच. मग सुतारपक्ष्याने पाचरीवर असे काही घाव घातले की सारा बेहडा दणाणला. घोरपडीने मान वर करून पाचरीकडे पाहिले, जीभ बाहेर काढून लाकडाचा वास घेतला आणि खाली उतरून गेली. तिला काम कळत होते.

सुतारपक्षी पाचरीला उलटा लटकला आणि सगळा भार टाकून त्याने ती ओढून पाहिली. "आता तुम्ही ठोकून बघा."

"छे, छे, कशाला," धनेश सवयीने म्हणाला.

"ठोका. ठोकून घेतल्याशिवाय मी जात नाही."

धनेशाने बाहेरून ठोकले. धनेशिणीने आतून ठोकले, आणि तिने जरा जोरातच ठोकले. काही हलले नाही.

"हे या वर्षापुरतं आहे," सुतारपक्षी म्हणाला. "पुढच्या वर्षी दुसरं झाड बघा. याच झाडावर काम घेऊन आलात तर मी यायचा नाही." आणि तो उडून गेला. निरोपाचा एक गोड शब्दही तो बोलला नाही.

उरलेले अंडे अर्धा दिवस गार पडले होते. धनेशीण त्याच्यावर बसली आणि त्यानंतर कित्येक दिवस दोघांनी त्या अंड्याविषयी एकमेकांना काही विचारले नाही. मग एका सकाळी फटीतून बारीक चिवचिव ऐकू आली.

त्याच आठवड्यात बेहड्यावर एक खार आली. तिचे दिवस भरत आले होते आणि तिला आपल्या ढोलीचे तोंड लहान करून घ्यायचे होते. "दादा, तुमच्याकडे तांबटाने काम केलं म्हणे. कसा आहे तो? साळुंकीताई म्हणाल्या, ओळखीचा आहे."

समोरच्या उंबरावर तांबट बसला होता. त्याचे टुक् टुक् थांबले. साळुंकीही दोन फांद्यांपलीकडे होती. दोघांचेही कान इकडेच होते. धनेशाची जुनी भीड पुन्हा वर आली. 'बरा आहे' एवढे म्हटले असते तर कोणाचेच काही बिघडले नसते, त्या खारीशिवाय.

"मला दोन पिल्लं व्हायची होती," धनेश म्हणाला, आणि उंबरावर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला. "एक आहे. दुसरं त्याच्या भिंतीखाली गेलं. बोलावलंस तर काय होईल ते तुला कळावं म्हणून सांगतो."

"असं चारचौघांत बोलतात का हो?" तांबट म्हणाला. "शेजारी आपण."

"चारचौघांतच बोलायचं होतं. आणि उंबरावरून ऊठ. आत्ता."

तांबट उठला. साळुंकी निघून गेली, आणि पुढे बरेच दिवस ती जंगलभर सांगत होती की धनेश पूर्वीसारखा राहिला नाही, फार फटकळ झाला आहे.

खार भेदरून गेली होती. "मग मी कोणाकडे जाऊ?"

"सुकलेल्या ऐनावर सुतारपक्षी असतो. साळुंकीची ढोली त्याने केली, पोपटाची केली, आमची ही भिंत त्याने केली. आधी तिन्ही ठिकाणी जा आणि ठोकून बघ. मग त्याला बोलाव."

"स्वभावाला कसा आहे?"

"वाईट बोलतो," धनेश म्हणाला. "लवकर जा, म्हणजे आज भेटेल."

तात्पर्य : गोड बोलण्याची साक्ष कोणीही देईल, तुम्ही कामाची साक्ष मागा. आणि जे काम स्वतः पाहिले नाही त्याची शिफारस करू नका, कारण तुम्ही सहज बोललेल्या शब्दावर कोणीतरी आपल्या घराची भिंत उभी करत असतो.